ह्यात बाप कुटं हाय?

सोपानकाका, तुम्ही थांबलात ते माझ्यामुळे. हे आधीच लिहून टाकते, नाहीतर इकडच्या तिकडच्या आठवणी सांगत बसेन आणि हे राहून जाईल. तुम्ही रजा मागितलीत, मी म्हटलं दहा दिवस थांबा. तुम्ही थांबलात आणि आठव्या दिवशी गेलात. आज त्याला पंचवीस दिवस झाले.

मला शोक करायचा हक्क आहे की नाही, तेही नक्की ठाऊक नाही. कंपनीच्या कागदांवर मी साइटची फिनिशेस कोऑर्डिनेटर, म्हणजे शेवटचा हात फिरवायच्या कामांवर देखरेख करणारी, आणि तुम्ही मार्बल फिटर. मी नाशिकची, तुम्ही माणदेशातले. इथं आखातात मी अल सद्द भागात फ्लॅटमध्ये राहते, तुम्ही इंडस्ट्रियल एरियातल्या कामगारांच्या कॅम्पात सहा जणांच्या खोलीत. आपली ओळख अकरा महिन्यांची, तीही सकाळी सहा ते संध्याकाळी पाच. तरी गेले पंचवीस दिवस रोज सकाळी दाराशी बूट घालताना मला तुम्हाला काहीतरी सांगायचं असतं.

पहिल्या दिवशी आपलं भांडणच झालं. वेस्ट बेमधल्या त्या हॉटेलच्या लॉबीत मी तुमच्या कामापाशी उभी राहून हिंदीत दरडावलं, "ये जॉइंट किसने किया?" तुम्ही खाली बघूनच पुटपुटलात, "हिला काय कळतंय दगडातलं!" मी म्हटलं, "कळत नाही म्हणून तर विचारतेय, काका." दुसरा कुणी ओशाळला असता. तुम्ही मात्र बाजूला सरकून जागा केलीत आणि म्हणालात, "मग बसा हितं खाली. ऐका." खिशातलं एक नाणं काढून फरशीवर टिचकी मारलीत. एका फरशीचा आवाज खणखणीत आला, दुसरीचा बद्द. "ही आतनं मोकळी हाय. सा म्हैन्यात उठंल. म्हनून जॉइंट सोडलाय, उखडायची हाय." चूक तुमची नव्हतीच, आधीच्या टोळीची होती. मी माफी मागितली नाही. तेव्हापासून तुम्ही मला ताई म्हणायला लागलात.

तुमच्याकडून मी एक गोष्ट शिकले. दगडात चीर आहे का हे बघायचं तर तो धुवायचा. धुतल्यावर सगळाच ओला दिसतो. मग थांबायचं. हळूहळू वाळत जातो, आणि चीर असली तर ती रेघ शेवटपर्यंत ओली राहते. तुमच्या आज्याने पाटे-वरवंटे असेच तपासले, बापाने देवळाच्या पायऱ्या, आणि तुम्ही या हॉटेलचा कोट्यवधींचा इटालियन मार्बल. "घाई क्येली की चीर दिसत न्हाय," असं तुम्ही म्हणायचात. त्या साइटवर घाई न करणारे तुम्ही एकटेच होतात, आणि मॅनेजर सगळ्यात जास्त तुमच्यावरच ओरडायचा.

मग ती मूर्ती आली. क्रेट उघडायला तुम्ही कुणाला हात लावू दिला नाहीत. आतला स्पंज, भुसा, पट्ट्या सगळं स्वतः काढलंत. बाहेर आली एक धावणारी मुलगी. हात वर फेकलेले, तोंड उघडं, केस मागे उडालेले. केसांची टोकं पानं होत चाललेली, पायाच्या बोटांतून मुळ्या फुटलेल्या, कमरेपर्यंत झाडाची साल चढलेली. आणि तिच्या मागे धावत आलेला एक तरुण, त्याचा एक हात तिच्या कमरेवर. मूळ मूर्ती रोममध्ये आहे, चारशे वर्षांची, ही तिची नक्कल. मूळ मुलीच्या अंगावर फारसं काही नाही, पण इथल्या मालकांनी कारखान्याला सांगून तिच्या गळ्यापासून खाली संगमरवरी वस्त्र वाढवून घेतलं होतं. हाताची बोटं आणि त्यांतून फुटलेली पानं वेगळ्या पेटीत आली होती, एकेक पान बसवायचं काम तुमचं. तुम्ही एक पान तळहातावर घेतलंत, खालून मोबाइलचा टॉर्च लावलात, आणि उजेड दगडातून आरपार आला. मग म्हणालात, "ज्यानं पैलं बनवलं त्यानं दगड फोडला न्हाय, ताई. सोलला."

त्याच दुपारी तुमच्या लेकीचा, रंजीचा फोन आला होता. जेवणाची सुट्टी होती, रिकाम्या क्रेटला टेकून आपण डबे उघडले होते. तुमचे हात भाजीने भरलेले, म्हणून तुम्ही कोपराने स्पीकर लावलात. मी उठून जायला हवं होतं. उठले नाही.

"आप्पा, मला घिऊन जावा," ती म्हणाली. नमस्कार नाही, 'जेवलात का' नाही. "म्या ह्या घरात जगत न्हाय."

"दम धर, पोरी. म्हैन्याभरात येतो, इन्शाल्ला."

"त्ये काय?"

"म्हंजे देवाच्या मनात आसंल तर."

"देवाच्या न्हाय, आप्पा. तुमच्या मनात हाय का, त्येवडं सांगा."

फोन आपोआप बंद झाला की तिने ठेवला, कळलं नाही. तुमचा घास हातातच राहिला. मग तुम्ही मला मागच्या दिवाळीचं सांगितलंत. तुम्ही सुट्टीवर गेला होतात आणि रंजी कपड्यांचं बोचकं घेऊन माहेरी आली होती. घरात आई नाही, ती वारून पाच वर्षं झालेली. रंजीने काही सांगितलं नाही, तुम्ही विचारलं नाही. तिसऱ्या दिवशी तुम्हीच तिला मोटारसायकलवर बसवून सासरी पोचवून आलात, जावयाच्या हातात पेढ्यांचा पुडा देऊन आलात. "नांदत्या घरची लेक माघारी बसली तर गाव नावं ठिवतं, ताई. मला वाटलं, हुईल रुळंल." दुपारच्या भर उन्हातही ती लांब बाह्यांचा ब्लाउज घालून फिरत होती, हेही तुम्ही सांगितलंत. "दगडातली चीर वळीकतो म्हनून मिशीला पीळ देतो म्या. आन् पोरीच्या हातावरचं वळ दिसून बी न्हाय दिसलं."

मी काय म्हटलं आठवतं? मी म्हटलं, "होईल सगळं ठीक." असली वाक्यं माझ्याकडे पोत्याने आहेत.

दुसऱ्या दिवशी तुम्ही मूर्तीतल्या मुलीच्या डोळ्यांवर तुमचा टॉवेल बांधलात. मी आले तेव्हा सेफ्टी ऑफिसर आधीच तुमच्या डोक्यावर उभा होता. तुम्ही बूट काढून अनवाणी चौथऱ्यावर चढलेले. मी तुमच्या बाजूने खोटं बोलले की बुटांच्या खिळ्यांनी दगडाला ओरखडे येतात म्हणून परवानगी दिलीय. तो गेल्यावर तुम्ही खरं सांगितलंत. तुमच्या घराण्यात तोंड असलेल्या दगडाला हत्यार लावायचं तर पायताण काढायचं आणि त्याचे डोळे झाकायचे. आपल्यावर काय चाललंय हे त्याने बघू नये. मला ते आवडलं. पण मला एक खोड आहे, कुठंही अर्धवट काम दिसलं की बोट दाखवायची.

"मग तिचेच का बांधलेत?" मी विचारलं. "मागच्याचे उघडेच आहेत."

"त्यो बाप हाय, ताई," तुम्ही म्हणालात. "बापानं बघितलंच पायजे."

मी म्हटलं, "काय?"

तुम्ही पानाला लावायची बारीक पिन दातांत धरून होतात. ती काढलीत आणि मला सगळं समजावून सांगितलंत, नाण्याने फरशी वाजवून दाखवताना सांगायचात तितक्याच खात्रीने. "लेक घरातनं निघाली आसंल. न्हायतर कुनीतरी घालवली आसंल. पळत रानात ग्येली, आन् रानानं तिला धरली. बापाला उशिरा कळलं. त्यो धावत आला, हात टाकला, तवर साल कमरंपातूर चडली की वो. बगा ना हात कुटं हाय त्येचा. माघारी वडतोय तिला. अजून थोडा आधी आला आसता तर घावली आसती."

मी म्हटलं, "एवढा तरणा बाप?"

"रंजी झाली तवा म्या इकवीस वर्साचा हुतो. मिशी बी धड नव्हती." आणि तुम्ही हसलात. फोन आल्यानंतर पहिल्यांदा हसलात.

काका, तिथेच मी गप्प बसायला हवं होतं. गप्प बसले असते तर कुणाचं काय गेलं असतं? साइटवरच्या शेकडो माणसांपैकी कुणालाच मूर्तीची मूळ कथा ठाऊक नव्हती आणि कुणाला पडलेलीही नव्हती. तुमच्या टोळीतल्या पोरांना तुम्ही बापाचीच कथा सांगितली होतीत आणि ती येता-जाता त्या बापाच्या पायाला हात लावून जायची. पण मला चूक बघवत नाही. तुम्ही चुकलेला जॉइंट उखडून परत लावत होतात. मी तुमच्या मनात नीट बसलेली गोष्ट उखडली आणि तशीच टाकून निघून गेले.

मी मोबाइल काढला. तुम्हाला मूळ मूर्तीचे फोटो दाखवले, आणि शाळेतल्या बाईंसारखी सांगायला लागले. तो तिचा बाप नाही. तो एक देव आहे, तिच्यामागे लागलेला. तिला तो नको आहे, म्हणून ती पळतेय. अगदी पकडली जाणार तेव्हा ती मदतीसाठी हाक मारते आणि झाड होते.

तुम्ही फोटो बघितले नाहीत. चौथऱ्यावरून उतरलात. मूर्तीभोवती एक चक्कर मारलीत, मग उलट्या बाजूने दुसरी. तिच्या मागे वाकून बघितलंत, जिथं भिंतीमुळे कुणी कधी बघणार नव्हतं तिथंही. मग माझ्यापुढे येऊन उभे राहिलात.

"मग ह्यात बाप कुटं हाय?"

"बाप यात नाहीये, काका. तो नदी आहे. म्हणजे नदीचा देव. तो लांब आहे. तिने त्यालाच हाक मारली आणि त्यानेच तिला झाड करून वाचवलं."

"वाचवलं?"

"हो. त्या माणसाच्या हाती लागली नाही ना मग."

तुमचा आवाज तेव्हा पहिल्यांदा चढला. पलीकडे पॉलिशचं मशीन चालवणाऱ्या पोराने मशीन बंद केलं. "नदी हुता ना त्यो? मग त्या मागच्याला बुडवायचा! पूर आनायचा. आडवं पडायचं दोगांच्या मदी. पोरीला कशापायी लाकूड क्येलं? पळत कोन हुतं? ती. गुन्हा कुनाचा? त्येचा. आन् साल कुनाच्या अंगावर चडवली?"

मी म्हटलं, गोष्ट आहे, काका. मी म्हटलं, ते झाड बारा महिने हिरवं राहतं, असा त्याचा अर्थ आहे. मी अजूनही बरंच काही म्हटलं, पुस्तकातलं. तुम्ही ऐकून घेतलंत.

"हिरवं ऱ्हायलं म्हंजे जगलं का, ताई?"

तुम्ही तिच्या डोळ्यांवरचा टॉवेल सोडलात, झटकलात, खांद्यावर टाकलात. "आता काय झाकायचं!" म्हणालात आणि उरलेला दिवस उघड्या डोळ्यांच्या मूर्तीवर काम केलंत.

दुसऱ्या दिवशी सकाळी तुम्ही कंटेनरमधल्या ऑफिसात आलात. रजेचा फॉर्म तुम्ही कुणाकडून तरी भरून आणला होता. तुम्ही हात जोडले नाहीत, कारणं सांगितली नाहीत. "ताई, सही द्या. उद्याच्या इमानानं जातो. पोरीला घिऊन येतो घरी."

माझी सही झाली असती तरी वर मॅनेजरची लागणार होती, हे खरं. तो नाही म्हणाला असता, हेही जवळजवळ खरं. हॉटेलचे मालक पाहणीला येणार होते आणि ती पानं तुमच्याशिवाय कुणाला बसवता येत नव्हती. पण मी त्याच्याकडे गेलेच नाही, काका. तुमच्यासाठी त्याच्याशी भांडले आणि हरले, असं असतं तर आज मी थोडी तरी ताठ मानेने हे लिहिलं असतं. मी फॉर्म खणात ठेवला आणि म्हटलं, "काका, फक्त दहा दिवस. मूर्ती पुरी करा, मी स्वतः तुमचं तिकीट काढते." तुम्ही टेबलापासून हलला नाहीत. तेव्हा मी आणखी एक वाक्य म्हटलं. "इतकी वर्षं नांदली, अजून दहा दिवसांनी काय आभाळ कोसळणार आहे?"

हे वाक्य माझं आहे. माझ्या आईची लेक, माझ्या पायावर उभी, नवऱ्याचा आवाज चढला तर दार आपटून बाहेर पडणारी मी, दुसऱ्याच्या लेकीबद्दल हे म्हणाले. तुम्ही माझ्याकडे बघितलंत. मग म्हणालात, "बरं, म्याडम."

म्याडम. अकरा महिन्यांत पहिल्या दिवशीसुद्धा तुम्ही मला म्याडम म्हटलं नव्हतं.

पुढचे दिवस तुम्ही बैलासारखे राबलात. पहिली बस यायच्या आधी कुणाच्या तरी पिकअपमधून यायचात. एकेका पानाला बारीक भोक, त्यात पिन, मग केमिकलमध्ये कालवलेली मार्बलची पूड, मग बोटाने पुसून सांधा नाहीसा करायचा. मी दोन-तीनदा चहा घेऊन आले. तुम्ही चहा घेतलात आणि पुन्हा पानाकडे वळलात. तुमची टोळी माझ्याकडे वळून बघायची. त्यांना काही ठाऊक नव्हतं, पण तुमचा चेहरा त्यांना वाचता येत होता.

गुरुवारी संध्याकाळी मात्र तुम्ही हाक मारलीत. "ताई." परत ताई. मला इतका आनंद झाला की मी हातातला फोन तसाच कानाला धरून आले. पलीकडून मॅनेजर बडबडत होता. तुम्ही मुलीच्या डाव्या हाताशी होतात, शेवटची तीन-चार पानं राहिली होती. म्हणालात, "त्यो नदी हाय ना, त्येचा इचार करत हुतो. त्येला हाक आयकू तरी आली. त्येवडं बी किती बापास्नी जमत न्हाय. पन ताई..."

मी बोट वर केलं. एक मिनिट. मॅनेजर मालकांच्या गाड्या कुठं लावायच्या ते सांगत होता. मी पाठ वळवली. फोन संपवून बघते तर तुम्ही हत्यारं गुंडाळून बसकडे निघालेले. मी ओरडून म्हटलं, "काका, शनिवारी बोलू!" तुम्ही वळून हात हलवलात.

पन ताई, काय? त्यापुढे काय होतं? मी याची शंभर उत्तरं तयार केलीत. कधी तुम्ही मला माफ करता, कधी शिव्या देता, कधी म्हणता मला आजच जाऊ द्या. एकही उत्तर तुमच्या आवाजात नीट बसत नाही.

शुक्रवारी सुट्टी. तुम्ही आंघोळ केलीत, कपडे धुतलेत, भात खाल्लात, "तासभर पडतो" म्हणालात. चार वाजता तुमच्या खोलीतले तेलुगू मिस्त्री चहा घेऊन आले तेव्हा तुम्ही थंड पडला होतात. कागदावर हृदय असं लिहिलंय. तुम्ही कधी छातीत दुखतं म्हणाला नव्हतात. कदाचित म्हणाला असता, पण मी आठ दिवस तुम्हाला म्हणायची जागाच ठेवली नव्हती.

तुम्हाला घरी पाठवायच्या कागदांसाठी मी पाच दिवस धावले. याच धावपळीचं निम्मं जरी तुम्ही जिवंत असताना केलं असतं! पेटीवर तुमचं नाव इंग्रजीत चुकीचं लिहिलं होतं, ते मी दुरुस्त करून घेतलं. बघा, तिथंही दुरुस्ती. विमान गेल्यावर मी पार्किंगमध्ये गाडीत बसून इतकी मोठ्याने रडले की शेजारच्या गाडीतल्या बुरख्यातल्या बाई उतरून पाण्याची बाटली देऊन गेल्या. त्यांना आभाराचं शुक्रन म्हणायचंही मला सुचलं नाही.

उरलेली पानं दुसऱ्या फिटरने लावली. मालक आले, फोटो काढले, मान डोलावली. सगळे गेल्यावर मी मूर्तीच्या त्या डाव्या हाताशी गेले आणि माझ्या बाटलीतलं पाणी त्यावर ओतलं. सिक्युरिटीवाला धावत आला. मी त्याला हिंदीत सांगितलं, थांब, वाळू दे. तुमची पानं वाळली, सांधा दिसेना. त्या दुसऱ्या फिटरच्या तीन पानांशी रेघा ओल्याच राहिल्या. मी त्या तिन्ही पानांवर हात ठेवून उभी राहिले आणि मला मूर्तीचा, मालकांचा, त्या झगमगत्या लॉबीचा असा संताप आला की ती पानं मोडून टाकावीत असं वाटलं. मोडलं नाही. मी मोडणाऱ्यांतली नाही, सांभाळून घेणाऱ्यांतली. माझा सगळा दोष तोच आहे.

कॅम्पात तुमचं सामान बांधायला गेले तेव्हा मिस्त्रींनी कॉटखालून एक सुटकेस काढली. निळी, नवी कोरी, चाकांची. त्यांना वाटलं आत घरच्यांसाठी काही घेतलं असेल. उघडली तर रिकामी. मिस्त्री म्हणाले, "सोपानभाई बोला था, बेटी का कपडा लाने का है. वो बोचका लेके घूमती है, अच्छा नहीं लगता." ती मी तुमच्या सामानात पाठवली नाही. माझ्याकडे ठेवली. तुमच्या भावाने ती माळ्यावर टाकली असती.

तुमच्या भावाशी मी बोलले. तेराव्यानंतर दुसऱ्याच दिवशी त्यांनी रंजीला सासरी पोचवलं. "तिकडचीच ती आता, म्याडम. आमी तरी किती बगायचं?" मला त्यांच्यावर चिडताही आलं नाही. माझंच वाक्य त्यांच्या तोंडून ऐकत होते.

मी रजा मागितली. मॅनेजर म्हणाला, उरलेल्या दुरुस्त्या आटपू देत, मग बघू, इन्शाल्ला. मी म्हटलं, खलास. फॉर्म त्याच्या टेबलावर ठेवला आणि तिकीट काढलं. नोकरी राहील किंवा जाईल. आज मंगळवार, उद्या सकाळचं विमान आहे. साताऱ्यात माझी एक मैत्रीण वकिली करते, ती सोबत यायला तयार आहे. यातलं काहीही तुमच्यासाठी आहे असं मी म्हणणार नाही. तुमच्यासाठी करायचं ते करायच्या वेळी केलं नाही. आता जे आहे ते तिच्यासाठी, आणि थोडं माझ्यासाठी, मला झोप यावी म्हणून.

काल दुपारी तिने फोन उचलला. आठ दिवस मी करत होते. आधी सासू उचलायची, मी राँग नंबर म्हणायचे. काल तीच होती. मी माझं नाव सांगितलं. ती म्हणाली, "वळकते. दगडाच्या कामावरल्या ताई."

मी तिला सांगून टाकलं. तुझे आप्पा निघाले होते, मी थांबवलं. मी नसते तर ते तुला घेऊन गेले असते. एका दमात सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "म्हाईत हाय. आप्पा म्हनले हुते, ताईनी दहा दिस मागितल्यात. त्येंच्याकडं कायतरी पोरीचीच मूर्त बसवायची हाय, म्हनले. म्या दिस मोजत हुते." मग म्हणाली, "दोन ऱ्हायले हुते."

पुढेही तीच बोलली, अगदी सपाट आवाजात, कुणी दुसऱ्या गावच्या बाईबद्दल सांगावं तशी. "तुमी जिवाला लावून घिऊ नगा. आता मला कायबी वाटत न्हाय, ताई. आदी लई लागायचं. आता हात उचलला तरी कळत न्हाय."

मी म्हटलं, "रंजी, मी येऊ?"

ती म्हणाली, "तुमी माज्या कोन?"

"कोणी नाही," मी म्हटलं. खरंच होतं ते.

पलीकडे भांडी वाजली. कुणीतरी तिच्या नावाने ओरडलं, बाईचा आवाज. ती "आले" म्हणाली, फोनपासून तोंड लांब नेऊन. मला वाटलं, ठेवला. मी कानाला फोन लावून तशीच बसले. श्वास ऐकू येत होता. ओरडणारा आवाज जवळ आला, आणखी जवळ आला, आणि मग अगदी हळू, एकेक शब्द मोजून, ती म्हणाली,

"गुरवारी बाजार आसतो. दुपारपातूर घरात कोन नसतं."